फिशटँकचे झाकण

घरातल्या माशांच्या टाकीला झाकण का लागते आणि ते कसे असावे, याचा लेखी विचार १८५० सालापासून सापडतो. त्या वर्षी रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने तिथल्या केमिकल सोसायटीपुढे एक छोटा निबंध मांडला. सुमारे १२ गॅलनचे, म्हणजे ५५ लिटरच्या आसपास पाणी मावणारे काचेचे भांडे, त्यात दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि कुजणारी पाने खाणाऱ्या गोगलगाई, एवढाच त्याचा संसार होता. मासे सोडतात तो कर्बवायू वनस्पती घेतात आणि वनस्पती सोडतात तो प्राणवायू मासे घेतात, हा समतोल त्याने त्या भांड्यात दाखवून दिला. या निबंधामुळे त्याचे नाव राहिले. पण त्याच निबंधात भांड्याच्या तोंडावरच्या आच्छादनाचेही वर्णन आहे. तांब्याची जाड तार गोल वाकवून त्यावर पातळ मलमल ताणलेली होती. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या लंडनच्या हवेतली काजळी पाण्यात पडू नये, आणि हवेची ये-जा मात्र अडू नये, असा दुहेरी हेतू वॉरिंग्टनने स्पष्ट लिहून ठेवला आहे.

हा हेतू पुढे बराच काळ विसरला गेला. टाकीवरच्या झाकणाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे आत काय कोंडायचे आणि बाहेर काय सोडायचे, यावरची ओढाताण आहे.

हवा अडू नये असे वॉरिंग्टनला का वाटले, हे पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहिले की कळते. टाकीचे पाणी बाहेरच्या हवेला फक्त वरच्या बाजूने भेटते. प्राणवायू तिथूनच आत येतो आणि कर्बवायू तिथूनच बाहेर पडतो. उष्णता काचेतूनही जाते, पण यंत्राविना पाणी खोलीपेक्षा थंड राहायचे असेल तर ते फक्त पृष्ठभागावरच्या बाष्पीभवनाने साधते. अ‍ॅना थिन या लंडनच्या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ घरी आणले, तेव्हा समुद्राचे ताजे पाणी मिळण्याची सोय नव्हती. त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत असे. पाण्याचा जास्तीत जास्त भाग हवेला लागावा, एवढेच त्या कष्टाचे कारण होते. पाणी गरम झाले की ही गरज आणखी वाढते. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्याच वेळी माशाच्या शरीराचा वेग वाढून त्याची मागणी चढते. उन्हाळ्याच्या दुपारी मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंड उघडझाप करतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

थंड देशातही ही अडचण लवकरच पुढे आली. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडले. ते जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय. इमारत लोखंड आणि काचेची, वनस्पतींच्या काचघरासारखी होती. लोकांना मासे नीट दिसावेत म्हणून भरपूर उजेड आत घेतला आणि त्याबरोबर ऊनही आले. उन्हाळ्यात पाणी तापायचे, शेवाळ माजून ते हिरवे व्हायचे. वॉरिंग्टनने यावर घरगुती टाकीपुरता उपाय काढला. त्याने टाकीची मागची बाजू तिरकी आणि अपारदर्शक केली. समोर तेवढी काच राहिली आणि उजेड फक्त वरून येऊ लागला. नदीत आणि समुद्रात तो वरूनच येतो. तिरक्या पाठीमुळे तळ अरुंद राहून वरचा पृष्ठभाग मात्र रुंद होई, हा दुसरा फायदा.

सार्वजनिक मत्स्यालयांत हा प्रश्न विल्यम अल्फर्ड लॉइड याने मुळातून हाताळला. तो आधी लंडनमध्ये टाक्या आणि समुद्री जीव विकणारा दुकानदार होता. १८६४ चे हॅम्बुर्गचे मत्स्यालय आणि १८७१ मध्ये उभे राहिलेले लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय, दोन्हींच्या रचनेमागे तोच होता. प्रदर्शनाच्या टाक्यांत जेवढे पाणी, त्याच्या कितीतरी पट पाणी त्याने जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात ठेवले आणि पंपाने ते सतत फिरवत ठेवले. अंधारात शेवाळ वाढत नाही, जमिनीखाली पाणी तापत नाही, आणि वरच्या टाकीत पडताना ते हवाही घेते. आज समुद्री टाकीखालच्या कपाटात जी दुसरी टाकी दडवलेली असते, तिचे मूळ लॉइडच्या हौदात आहे. घरात मात्र तेव्हा हौद नव्हता आणि पंपही नव्हता. तिथे टाकी उत्तरेच्या खिडकीशी ठेवणे, पडदा ओढणे आणि झाकण उचलून ठेवणे, एवढेच हातात होते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीसेक वर्षांत वारे फिरले. पिएर कार्बोनिए याने १८६९ मध्ये चीनमधून आलेले पॅराडाइज फिश पॅरिसमध्ये वाढवले आणि त्यांची पैदासही केली. त्यानंतर आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशांतले मासे युरोपात येऊ लागले. या माशांचा शत्रू थंडी. टाकीच्या तळाला धातूचा किंवा स्लेटचा पत्रा बसवून त्याखाली तेलाचा दिवा किंवा गॅसची ज्योत ठेवली जाऊ लागली, आणि खालून दिलेली ऊब वरून निसटू नये म्हणून टाकीवर काच आली. शिवाय पॅराडाइज फिश, फायटर, गुरामी हे मासे डोक्यातल्या खास अवयवाच्या साहाय्याने थेट हवेतूनही श्वास घेतात. पाणी उबदार आणि त्यावरची हवा गार असली तर त्यांच्या पिलांना ते बाधते. त्यामुळे पाणी आणि झाकण यांच्यामधली हवा दमट आणि उबदार ठेवणे हा चांगल्या पालनाचा नियमच झाला. उड्या मारणारे मासेही काचेमुळे जमिनीवर पडेनासे झाले. घट्ट झाकण हा त्या हवामानात योग्य शोध होता, हे विसरता कामा नये. गोंधळ झाला तो त्याच झाकणात दिवा बसवल्यावर.

विसाव्या शतकात घराघरांत वीज आली आणि टाकी खिडकीपासून सुटली. पत्र्याची पेटी करून तिच्या आत साधे बल्ब लावायचे आणि ती टाकीवर उपडी ठेवायची, असा ‘हूड’ रूढ झाला. झाकण, परावर्तक आणि दिवा एकाच वस्तूत आले. तारेच्या साध्या बल्बमध्ये विजेचा फार तर विसावा हिस्सा उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. ही उष्णता पाण्यापासून वीतभरही दूर नव्हती. ४० लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४७ वॅट-तास पुरतात, आणि ६० वॅटचा बल्ब तेवढी वीज पाऊण तासात खातो. त्यातली सगळी पाण्यात जात नाही हे खरे, पण दिवा लागला की पाणी चढते आणि विझला की उतरते, हा रोजचा हेलकावा छोट्या टाकीत चांगलाच जाणवे. पुष्कळ पालकांनी मग हूडलाच हीटर मानले. रात्री ते बंद होते, ही गोष्ट मासे आजारी पडल्यावर लक्षात येई.

१९३८ मध्ये फ्लुरोसंट ट्यूब अमेरिकेच्या बाजारात आली आणि पुढच्या दशकांत ती टाकीवर स्थिरावली. तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त उजेड मिळाला आणि पाण्यावर पडणारा थेट ताव घटला. मात्र ट्यूबबरोबर चोक आला. ४० वॅटच्या ट्यूबचा जुना लोखंडी चोक स्वतःच आठ-दहा वॅट उष्णता सोडतो. तो हूडच्या आत बसवला की ती उष्णता तिथेच कोंडते. बाहेर भिंतीवर लावला तर प्रश्न संपतो. ही सोपी सुधारणा कारखान्यांनी फार उशिरा केली, कारण एका वायरची, एका पिनची आटोपशीर पेटी विकायला सोयीची होती.

भारतात फिशटँकची हौस पसरली ती याच ट्यूबवाल्या पेटीसकट. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि शहरातल्या कित्येक पिढ्यांनी काचेमागचा मासा प्रथम तिथे पाहिला. पुढे क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातल्या दुकानांतून काचेची टाकी, पंप, रंगीत खडे आणि वरचा ‘टॉप’ असा संच घरी येऊ लागला. पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा हा टॉप तिन्ही बाजूंनी बंद, पुढे अन्न टाकायला एक झडप. मांजर, पाल आणि धूळ यांपासून तो टाकी राखतो, म्हणून घरात तो आवडतो. पण मुंबई-कोकणात वर्षाचा बहुतेक काळ टाकीचे पाणी हीटरवाचूनच २५ ते ३० अंशांत असते. ऊब राखण्यासाठी थंड देशात घडलेली पेटी इथे जशीच्या तशी वापरणे म्हणजे एप्रिल-मेमध्ये वाफेला बाहेर पडायची वाट न ठेवता पाणी तापवत राहणे होय. मागच्या बाजूला दोन-तीन इंचांची फट किंवा भोकांची रांग, एवढ्यानेही फरक पडतो.

हूडमधल्या उष्णतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला तो प्रवाळांमुळे. जाकार्तातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपल्या समुद्री टाक्यांची पद्धत अमेरिकी मासिकातून मांडली. त्यात समुद्री जीवांनी वसलेले ‘जिवंत खडक’ होते, हवेचे बुडबुडे होते आणि उष्ण कटिबंधातले ऊन होते. हे ऊन युरोप-अमेरिकेतल्या खोलीत आणायचे कसे? १९८० च्या दशकात बर्लिनच्या हौशी पालकांनी मेटल हॅलाइड दिव्यांखाली दगडी प्रवाळ वाढवून दाखवले, आणि १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने अमेरिकेत घरगुती प्रवाळटाकीची लाटच आणली. मेटल हॅलाइड हा क्रीडांगणे आणि गोदामे उजळणारा दिवा. १५०, २५० किंवा ४०० वॅटचा एकेक दिवा, आणि लांब टाकीवर असे दोन किंवा तीन. ४०० लिटरच्या टाकीवर २५० वॅटचे दोन दिवे दहा तास चालले तर पाच युनिट वीज जळते. त्यातली निम्मी उष्णता पाण्यात उतरली आणि बाहेर काहीच गेली नाही असे धरले, तर पाणी दिवसात पाच अंशांहून जास्त चढेल. प्रवाळांना तर नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा एकच अंश जास्त, तोही काही आठवडे टिकून राहिला, की पुरे होतो. त्यांच्या पेशींत राहून त्यांना अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल बाहेर फेकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात.

याच काळात लाकडी कॅनॉपी पुढे आली. ती म्हणजे टाकीखालच्या कपाटाशी जुळणारी, प्लायवूडची, फूट-सव्वा फूट उंच पेटी. दिव्यांचा झगझगाट डोळ्यांत जाऊ नये आणि दिवे पाण्यापासून वीत-दीड वीत वर राहावेत, हे तिचे काम. दिवाणखान्यात ती देखणी दिसे, पण तिच्या आत भट्टी होई. उपाय मिळाला तो संगणकातून. घरगुती संगणक पसरले तसे १२ व्होल्टवर चालणारे ८० आणि १२० मिलिमीटरचे छोटे पंखे स्वस्तात मिळू लागले. सुतारकाम येणाऱ्या हौशी मंडळींनी कॅनॉपीला गोल भोके पाडून ते बसवले, आणि कोणत्याही कारखान्याआधी या कामाचे नियम स्वतःच्या अनुभवातून बसवले.

त्यातला पहिला नियम असा की वारा आत येण्याची वाट आणि बाहेर जाण्याची वाट वेगळी हवी. गरम हवा वर जाते, म्हणून आत घेण्याची भोके खाली आणि सोडण्याची वर, शक्यतो समोरासमोरच्या टोकांना. मागची बाजू पूर्ण उघडी ठेवणे सगळ्यांत सोपे. पंख्याने हवा बाहेर ओढावी की आत ढकलावी, यावर दोन पक्ष राहिले. बाहेर ओढणारा पंखा दिव्याजवळची तापलेली हवा थेट काढून टाकतो, मात्र खारट दमट हवा त्याच्या बेअरिंगमधून जाते आणि तो वर्ष-दोन वर्षांत गंजतो. आत ढकलणारा पंखा खोलीतली कोरडी हवा घेतो, म्हणून जास्त टिकतो, आणि त्याचा झोत पाण्यावरून सरकता ठेवला तर पाणीही थंड होते. दुसरा पक्ष अधिक बरोबर होता, आणि त्याचे कारण पंख्याच्या आयुष्यापुरते नाही.

हवा हलवल्याने पाणी थंड होत नाही. पाणी उडून गेल्याने ते थंड होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे पावणेसातशे वॅट-तास उष्णता खर्च होते. ती सगळी टाकीतून गेली तर १०० लिटर पाणी साडेपाच अंशांहून जास्त उतरेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून परत येते, म्हणून साध्या पंख्यांनी दोन ते चार अंशांची घट मिळते. पण मेटल हॅलाइडच्या काळात तेवढ्यावरच प्रवाळांचा जीव तरत असे. बंद झाकणाखाली हवा बाष्पाने भरली की बाष्पीभवन थांबते, आणि मग पंखा आतल्या आत कितीही फिरला तरी व्यर्थ. विदर्भातल्या घरांत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खिडकीबाहेर का ठेवतात, हे ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

बाष्पीभवनाची मर्यादाही तिथूनच समजते. पाणी या मार्गाने जास्तीत जास्त ओल्या फडक्यातल्या तापमापीच्या आकड्यापर्यंत उतरू शकते. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, जशी नागपूरच्या मे महिन्यात असते, तर हा आकडा सुमारे २२ अंश येतो. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के, म्हणजे मुंबईचा दमट दिवस, तर तो २८ अंशांवरच अडतो. म्हणून नागपूरच्या टाकीवर दोन पंखे जे करतील ते मुंबईच्या टाकीवर सहा पंखेही करणार नाहीत.

पंख्यांनी नवी कामे आणली. समुद्री टाकीतून पाणी उडते, मीठ उडत नाही. रोज काही लिटर पाणी गेले की क्षारता वाढते. त्यामुळे उडालेल्या पाण्याची भरपाई खाऱ्या पाण्याने न करता शुद्ध गोड्या पाण्याने करावी लागते, आणि त्यासाठी तरंगता वॉल्व्ह किंवा सेन्सरवर चालणारी आपोआप पाणी भरणारी यंत्रणा रूढ झाली. युरोप-अमेरिकेच्या बंदिस्त घरांत हिवाळ्यात हीच वाफ भिंतींवर बुरशी आणू लागली, तेव्हा काहींनी कॅनॉपीपासून थेट घराबाहेर नळी काढली. वीज आणि खारे पाणी शेजारी आल्यामुळे गळतीप्रवाह तोडणारा ब्रेकर आणि प्लगपाशी वायरला खाली दिलेला झोळ, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न पोचता खाली ठिबकेल, या दोन गोष्टी शहाण्या पालकांनी अनिवार्य मानल्या.

थंडावा फक्त पाण्याला लागत नाही, दिव्यालाही लागतो. जुनी जाड ट्यूब सभोवतालची हवा २५ अंशांच्या जवळ असताना सर्वाधिक उजेड देते, तर नंतर आलेली बारीक टी-५ ट्यूब ३५ अंशांना. कोंडलेल्या कॅनॉपीत हवा त्याच्या खूप वर गेली की उजेड घटतो आणि ट्यूब लवकर म्हातारी होते. अंगावर थेट गार झोत मारला तरी उजेड घटतोच. अनेकांनी पंखे अशा बेताने वळवले की झोत पाण्यावर जाईल आणि ट्यूबभोवतीची हवा फक्त हलती राहील.

पंख्यांनी भागेना तिथे चिलर आला. तो फ्रिजसारखाच कॉम्प्रेसरवर चालतो, पण खाऱ्या पाण्यात गंजू नये म्हणून त्याची नळी टायटॅनियमची असते. तो पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो. त्यामुळे बंद कपाटात ठेवलेला चिलर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत दिवसभर धडधडत राहतो. जाँ पेल्तिए याने १८३४ मध्ये दाखवलेल्या परिणामावर चालणारे बिनकॉम्प्रेसरचे छोटे चिलरही विकले गेले, पण त्यांची ताकद लहान टाक्यांपुरतीच राहिली.

एका वर्गाने झाकणच काढून टाकले. जपानमधल्या ताकाशी अमानो यांनी १९९२ मध्ये आपल्या पाणवनस्पतींच्या टाक्यांचे पुस्तक काढले. त्यातल्या टाक्या काठाला पट्टी नसलेल्या, वरून उघड्या, आणि दिवा छताला टांगलेला. ही रचना सौंदर्यासाठी जगभर उचलली गेली, पण तिने उष्णतेचा प्रश्नही परस्पर सोडवला. किंमत मोजली ती उड्या मारणाऱ्या माशांनी.

नंतर दिवाच बदलला. शुजी नाकामुरा यांनी जपानच्या निचिया कंपनीत १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी सिद्ध केला. समुद्राच्या खोलीवर पोचणारा उजेड निळाच असतो, त्यामुळे प्रवाळपालकांना तो विशेष मोलाचा होता. २००६ च्या सुमारास पहिले प्रवाळटाकीचे एलईडी दिवे विक्रीला आले आणि पुढच्या दहा वर्षांत मेटल हॅलाइड बहुतेक घरांतून गेला. एलईडी खाली जवळपास फक्त उजेड पाठवतो. त्याची उष्णता मागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांत जाते आणि तिथला लहानसा पंखा चिपला थंड ठेवतो. पाणी थंड करणे त्याच्या हिशेबात नसते. म्हणून एलईडी बसवूनही टाकी ३१ अंशांवर असेल, तर दोष दिव्यात न शोधता खोलीची हवा, पाण्यात बुडालेले पंप आणि घट्ट झाकण यांत शोधावा लागतो.

या बदलानंतर कॅनॉपी पुष्कळ ठिकाणी गेली. तिच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत ताणलेली बारीक पारदर्शक जाळी आली. ती मासे आत ठेवते आणि हवा, उजेड, वाफ यांना मोकळे सोडते. थर्मोस्टॅटला जोडलेले दोन-तीन पंखे जाळीवरून पाण्यावर झोत टाकतात आणि ठरावीक अंशाखाली आपोआप थांबतात. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते, तेव्हा हे पंखे जवळजवळ निरुपयोगी ठरतात. त्या काळात समुद्री टाकी राखणाऱ्याला चिलर किंवा खोलीचा एसी यांवाचून दुसरा मार्ग राहत नाही. एसी हवेतला ओलावाही काढतो, त्यामुळे त्याच खोलीत पंख्यांना पुन्हा काम मिळते.